गवताच्या बियाला पहिला उन्हाळा दाखवा

दिवाळी झाली की मला फोन यायला लागतात. माळावर गवत परत आणायचं काम कुणीतरी हाती घेतलेलं असतं, कधी ग्रामपंचायतीनं, कधी एखाद्या संस्थेनं, कधी पाच-सहा एकर पड असलेल्या एखाद्या तरुण शेतकऱ्यानं. प्रश्न बहुतेक एकच असतो. "ताई, मारवेलचं बी गोळा केलं, ओल्या फडक्यात घालून बघितलं, शंभरात चारसुद्धा उगवले नाहीत. बी खराब निघालं का?" मी विचारते, कधी गोळा केलंत? "मागच्या आठवड्यात." तेव्हा माझं उत्तर ठरलेलं असतं: पोतं फेकू नका, फक्त जूनपर्यंत थांबा.

हे एकेकाला फोनवर सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून ठेवावं म्हणून आज बसले आहे.

माझी सगळी नोकरी बीजपरीक्षणाच्या प्रयोगशाळेत गेली. ज्वारी, बाजरी, गहू, हरभरा. नमुना यायचा, त्यातले चारशे दाणे मोजायचे, शंभर-शंभरचे चार भाग करून ओल्या कागदात गुंडाळायचे आणि ठरलेल्या दिवशी कोंब मोजायचे. पिकाच्या बियाबाबत ही पद्धत चोख चालते, कारण हजारो वर्षं माणसानं तेच दाणे निवडून पेरले जे पेरल्याबरोबर उगवतात. उशिरा उगवणारे दाणे हळूहळू मागे पडले. आपण ते इतकं गृहीत धरतो की न उगवलेलं बी म्हणजे मेलेलं बी, असं सरळ समीकरण डोक्यात बसतं. खरं तर शेतकऱ्याला याची दुसरी बाजूही माहीत असते. उपट्या भुईमुगाला काढणीच्या वेळी पाऊस लागला की जमिनीतच शेंगांना कोंब फुटतात. पसऱ्या भुईमुगाचं तसं होत नाही, कारण त्याच्या दाण्याला काढणीनंतर काही काळ सुप्तावस्था असते, म्हणजे दाणा जिवंत असूनही उगवत नाही. ज्वारीच्या कणसावर अवकाळी पडला की दाण्याला मोड येतात आणि वर्षाची भाकरी काळी पडते. सुप्तावस्था नसण्याची किंमत आपण अशी मोजतो.

माळावरच्या गवतानं ती किंमत मोजायची नाही असं ठरवलेलं आहे.

आमचा भाग पुणे जिल्ह्यातल्या सुप्याचा. मोरगाव, जेजुरी, सुपे असा हा पर्जन्यछायेतला पट्टा, वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आत-बाहेर पाऊस, तोही बेभरवशाचा. मुरमाड माळ, कुठे वीतभर माती, कुठे तीही नाही. सातबाऱ्यावर ही जमीन पोटखराबा, म्हणजे लागवडीला अयोग्य, म्हणून लागलेली असते. चिंकारा, लांडगा, धाविक, चंडोल हे सगळे याच पोटखराब्यावर जगतात आणि धनगरांच्या मेंढ्याही. १९९७ साली सुप्याला मयूरेश्वर अभयारण्य झालं ते चिंकाऱ्यासाठी. पाच-सव्वापाच चौरस किलोमीटरचा तो तुकडा सोडला, तर बाकीचा माळ नांगरला जातोय, प्लॉट पडतायत, नाहीतर कुणीतरी चांगल्या हेतूनं तिथे खड्डे खणून झाडं लावतोय. खुल्या माळावर झाडं दाटीनं लावणं म्हणजे हिरवळ वाढवणं नव्हे, हे माझं ठाम मत आहे. पण तो विषय मोठा आहे, त्यावर पुन्हा कधीतरी.

इथली गवतं म्हणजे मारवेल, पवना, शेडा, डोंगरी, अंजन आणि कुसळी. बहुतेकांचं बी दसऱ्यापासून पुढे पिकतं आणि गळतं. एकेका पट्ट्यात ते झाडावर हातात येण्याजोगं फार थोडे दिवस असतं. आज हिरवं म्हणून सोडावं, तर आठवड्यानं जाऊन पाहावं तेव्हा नुसत्या काड्या उभ्या. ते गळतं नोव्हेंबरात. मग एखादा अवकाळी येतो, दोन दिवस बरसतो, माती छान ओली होते, हवाही फार गार नसते. तेव्हा बी उगवलं तर काय होईल? पंधरा दिवसांत ओल संपेल आणि पुढचे सहा महिने पाण्याचा थेंब नाही. वर्षाचं सगळं बियाणं एका पावसात जाईल. म्हणून ताजं बी पाणी पिऊनही उगवत नाही. तो त्याचा दोष नाही. तसं उगवणारं बी या माळावर टिकलंच नसतं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण तिच्यावरून बरेच उपाय चुकतात. बाभूळ, तरवड यांच्या बियांचं कवच इतकं टणक असतं की पाणी आत शिरतच नाही. म्हणून आपण ते गरम पाण्यात टाकतो, घासतो. शेळ्या-मेंढ्यांच्या पोटातून गेलेलं बाभळीचं बी लवकर उगवतं तेही त्यामुळेच. गवताचं तसं नसतं. गवताचा दाणा पाणी शोषतो, फुगतो आणि तरीही थांबून राहतो. अडसर आतला असतो. अंकुर धरून ठेवणारं एक संप्रेरक असतं आणि त्याला पुढे ढकलणारं दुसरं. पिकल्यानंतर सुरुवातीला पहिल्याचं चालतं. काही जातींत दाण्याभोवतीची तुसं हा अडसर आणखी वाढवतात. त्यामुळे कुणी सांगितलं म्हणून मारवेलचं बी उकळत्या पाण्यात घालू नका. त्यानं काहीही उघडत नाही, फक्त बी शिजतं.

मग हा अडसर निघतो कशानं? उन्हाळ्यानं. कोरड्या दाण्यात, कोरड्या गरम हवेत, आठवड्यागणिक तो कमी होत जातो. फाल्गुन, चैत्र, वैशाख असा आपला कडक उन्हाळा या बियाची पिकण्याची राहिलेली पायरी पूर्ण करतो. डिसेंबरात शंभरातले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके दाणे उगवणारं मारवेल मी जूनमध्ये पुन्हा लावते, तेव्हा त्याच पोत्यातले कितीतरी जास्त दाणे भराभर मोड काढतात. त्या मधल्या काळात मी त्याला काहीच केलेलं नसतं, पत्र्याच्या खोलीत कापडी पिशवीत टांगून ठेवलेलं असतं इतकंच.

आणि नेमकी इथेच गडबड होते. बियाणं म्हटलं की आपल्याला थंड, कोरडं गोदाम आठवतं. पिकाच्या बियाला ते योग्यच आहे. पण गवताचं ताजं बी नोव्हेंबरातच शीतगृहात ठेवलं तर सुप्तावस्था निघण्याचं कामही थंडीत मंदावतं. जूनमध्ये बाहेर काढून पेरलं की ते अजून नोव्हेंबरातच असतं. मागे एका कामात असंच घडलं होतं. मोठ्या काळजीनं, पैसे खर्चून थंडीत ठेवलेलं बियाणं माळावर टाकलं, पाऊस चांगला झाला, आणि पहिल्या वर्षी जवळजवळ काही दिसलं नाही. सगळ्यांनी मिळून निष्कर्ष काढला की स्थानिक गवताचं बी चालत नाही, त्यापेक्षा गिरिपुष्पाची रोपं आणू. मला त्याचं फार वाईट वाटलं. बी जिवंत होतं. पहिला उन्हाळा उबेत काढू द्यायचा, पुढे जास्त वर्षं ठेवायचं असेल तर मग थंडीत न्यायचं, हा क्रम पाळला असता तर तो माळ आज वेगळा दिसला असता.

ठेवताना ओल मात्र अजिबात नको. ताजं बी सावलीत पातळ पसरून पूर्ण वाळवावं, रोज हलवावं आणि मग कापडी किंवा सुतळी पिशवीत भरावं. प्लास्टिकच्या गोणीत भरलं की आत घाम धरतो, बुरशी येते. पत्र्याच्या खोलीत उंदरांचा बंदोबस्त करावा. दोन-तीन वर्षांनंतर अशा उघड्या साठवणीतल्या बियाचा जोम उतरायला लागतो, तेव्हा जुनं आधी वापरावं.

पण सुप्तावस्थेच्याही आधीचा प्रश्न असतो आणि तो जास्त महत्त्वाचा आहे: दाण्याच्या जागी दाणा आहे का? पोत्यात जे भरलेलं असतं त्याला आपण बी म्हणतो खरं, पण ती असतात तुसं, कुसळं, काड्या आणि कणिशकं. कणिशक म्हणजे तुसांच्या आत बसलेलं गवताचं छोटंसं फूल. त्यात दाणा भरला असेल किंवा नसेलही.

कुसळीचं उदाहरण घ्या. पिकलेला एक तुरा तोडून पांढऱ्या कागदावर ठेवा. खालच्या भागात हिरवट, चपटी, एकावर एक चढलेली कणिशकं दिसतील. त्यांना कुसळ नसतं. ती नर असतात किंवा वांझ, तिथे दाणा कधीच भरत नाही. वरच्या भागात कणिशकांच्या जोड्या असतात. जोडीतलं एक देठावरचं, रुंद आणि हिरवं, तेही नर. दुसरं देठ नसलेलं, बारीक, तपकिरी केसाळ, आणि त्यालाच ते लांबलचक काळपट कुसळ. दाणा फक्त या दुसऱ्यात. म्हणजे तुऱ्यावर डोळ्यांत भरणारं जे हिरवं दिसतं, त्यातलं काहीच उगवणार नसतं. आता ते कुसळवालं कणिशक नखानं हळूच उकला. आत फिकट, लांबुळका, टणक दाणा असेल तर भरलेलं. नखाखाली नुसताच पापुद्रा दुमडला तर पोचट. पावसानं फुलोऱ्यात दगा दिलेल्या वर्षी पोचटाचं प्रमाण फार वाढतं, आणि पोचटाला सुप्तावस्था नसते, त्यात काहीच नसतं.

त्याच कागदावर आणखी एक गंमत दाखवते, मुलांना तर जरूर दाखवा. कुसळाच्या पिळाच्या भागावर पाण्याचा एक थेंब टाका. काही क्षणांत कुसळ हळूहळू फिरायला लागतं, पीळ उलगडतो. वाळलं की पुन्हा पिळतं. बियाचं खालचं टोक सुईसारखं, आणि त्यावरचे राठ केस मागे वळलेले. पुढे जाता येतं, मागे येता येत नाही. रात्रीचं दव, दिवसाचं ऊन, पहिला शिडकावा, अशा ओल्या-कोरड्याच्या फेऱ्यांत कुसळ स्वतःला भेगेत आणि मातीत फिरवत नेतं. मेंढीच्या लोकरीत आणि कातडीत ते घुसतं तेही याच युक्तीनं. म्हणून कुसळी पिकली की मेंढपाळ तो माळ टाळतात. आमच्या शेजारचे एक आजोबा कळप घेऊन फिरतात, ते म्हणतात, "कुसळी श्रावणात खावू घालायची, दसऱ्याला तिच्या वाटंला जायाचं न्हाई." गवत कोवळं असताना चरलं तर चारा, फुलोरा धरल्यावर सोडलं तर बी. व्यवस्थापनाचं निम्मं शास्त्र त्या एका वाक्यात आहे.

भरलेला दाणा जिवंत आहे की मेला, हे ओळखायला प्रयोगशाळेत टेट्राझोलियमची चाचणी असते. दाणा भिजवायचा, पात्यानं उभा चिरायचा, असा की अंकुर मधोमध कापला जाईल, आणि त्या बिनरंगी द्रावणात उबेत ठेवायचा. जिवंत पेशी श्वास घेतात, त्या क्रियेत द्रावणाचा लाल रंग होतो. काही तासांनी भिंगाखाली पाहिलं की अंकुर लालबुंद दिसतो. मेलेला पांढराच राहतो. नोकरीत मी ही चाचणी वर्षानुवर्षं केली, पण ओल्या कागदावर आठवडे पडून राहिलेला, सगळ्यांनी मेला म्हणून सोडलेला कुसळीचा दाणा चिरल्यावर तो लाल झालेला पाहते तेव्हा मला अजूनही भरून येतं. तेव्हा डिसेंबरात कुणाला गवताच्या बियाचा दर्जा ठरवायचाच असेल तर उगवण चाचणी नको, भरलेले दाणे मोजा आणि टेट्राझोलियम करा. नुसत्या उगवणीच्या टक्क्यावर ताजी पोती नाकारणारी कार्यालयं मी पाहिली आहेत. नियम पिकांसाठी लिहिलेला आणि लावला गवताला. हे बदललं पाहिजे.

किलोच्या भावानं बी घेणंही बदललं पाहिजे. समजा दहा किलोच्या पोत्यात वजनानं तीस टक्केच शुद्ध, भरलेलं बी आहे आणि त्यातलं चाळीस टक्के उगवतं. म्हणजे हातात आलं सव्वा किलोच्याही आत. उरलेला कचरा आपण विकत घेतला, वाहून नेला आणि माळावर पसरला. बियाणं विकणाऱ्यालाही मग काड्यांसकट भरण्याचा मोह होतो. उगवणारं बी किती, यावर भाव ठरला तर बाया-माणसं नीट पिकलेलंच बी तोडतील आणि त्यांच्या हाताला चांगला दामही मिळेल.

अंजनाबद्दल वेगळं सांगायला हवं. त्याचं बी मऊ काट्यांच्या बोंडात असतं आणि त्या वेष्टनात उगवण रोखणारी द्रव्यं असतात. पावसानं ती धुतली जातात. त्यामुळे एखाद्या शिडकाव्यानं अंजन फसत नाही, चांगला पाऊस झाल्याशिवाय उठत नाही. नर्सरीत थोडीच रोपं करायची असतील तर बोंडं रात्रभर पाण्यात ठेवून पाणी बदलावं, किंवा हातानं चोळून दाणे मोकळे करावेत. फरक दिसतो. प्रयोगशाळेत आम्ही पोटॅशियम नायट्रेटचं ०.२ टक्के द्रावण वापरायचो, म्हणजे लिटरला दोन ग्रॅम. कागद पाण्याऐवजी त्यानं भिजवायचा. जिबरेलिक आम्लही चालतं, पण त्यानं रोप उंच, फिकट आणि लुळं निघतं. चाचणीपुरतं ठीक, माळावरच्या मुरमात अशा रोपाचं काही खरं नाही.

धुराबद्दल नेहमी विचारलं जातं. धुरानं बी जागं होतं ही गोष्ट खरी आहे. जळणाऱ्या काडी-कचऱ्याच्या धुरातला असा एक घटक ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी २००४ साली वेगळा काढला, आणि कुसळीच्या बियालाही धुराचा फायदा होतो असं तिथल्या कामात दिसलं आहे. पण यावरून कुणी वणव्याचं समर्थन करू नये. उन्हाळ्यात लावलेला वणवा पृष्ठभागावर पडलेलं मारवेल-पवन्याचं बी जाळून टाकतो. जमिनीत बोटाच्या पेरभर खाली गेलेलं बी वाचतं, कारण माती उष्णता खाली जाऊ देत नाही, आणि तेवढं खाली जायची युक्ती कुसळीकडे आहे. दरवर्षी जळणाऱ्या डोंगरावर शेवटी कुसळीच उरते याचं हे एक मोठं कारण मला वाटतं. चराऊ गवतं जातात, टोचणारं राहतं. धुराचा उपयोग करायचाच तर धूर पाण्यातून सोडून ते पाणी बियाला वापरता येतं. माळ पेटवायची गरज नाही.

आता पेरणी. आम्ही रोहिणीत धूळपेरणी करत नाही, मृगाचा पहिला पाऊस पडून माती बसली की बी टाकतो. शेण, पोयटा आणि बी कालवून लहान गोळ्या करतो. वाऱ्यानं उडत नाही आणि मुंग्यांना ओढून न्यायला अवघड जातं. या माळावरच्या मुंग्या किती बी नेतात हे त्यांच्या बिळाभोवती पडलेल्या तुसांच्या कड्यावरून कळतं. खोल पेरायचं नाही, बारीक दाण्याच्या कोंबात तेवढं बळ नसतं, काही जातींना उजेडही लागतो. बोरीच्या फांदीनं ओरखडा काढायचा, बी टाकायचं आणि वरून मेंढ्या फिरवायच्या. खुरांनी बी मातीला चिकटतं. त्यानंतर मात्र पहिल्या पावसाळ्यात चराई पूर्ण बंद. याला गावाची संमती लागते. हिवरे बाजारनं चराईबंदी पाळून दाखवली ती ग्रामसभेत ठरवून, कुंपण घालून नव्हे.

एका गोष्टीवर मी अडून बसते. पोत्यातलं सगळं बी एकाच वर्षी, एकाच पावसावर टाकायचं नाही, आणि सगळ्या बियाची सुप्तावस्था घालवायचीही नाही. जूनमध्ये पाऊस पडून पुढे तीन आठवडे उघडीप, हे आमच्याकडे नवीन नाही. दुबार पेरणी प्रत्येक घरानं पाहिली आहे. उन्हाळा पाहिलेल्या बियातही काही दाणे पहिल्या पावसाला दाद देत नाहीत. चाचणीच्या कागदावर ते नापास दिसतात. पण जूनचे कोंब करपले तर आर्द्रा-पुनर्वसूत किंवा पुढच्या मृगात माळ उभा करतात ते हेच दाणे. म्हणून जुनं आणि मागच्या हंगामातलं बी मिसळून टाकते, जाती मिसळून टाकते, आणि थोडं बी दुसऱ्या वर्षासाठी राखून ठेवते. पैसे देणाऱ्यांना पहिल्याच ऑगस्टमध्ये हिरवा फोटो हवा असतो, हे मला कळतं. मी त्यांना तिसऱ्या वर्षी या म्हणते.

बी कुठलं घ्यावं? राहुरीच्या विद्यापीठाचं फुले मारवेल ०६-४० हे चाऱ्यासाठी उत्तम आहे, बांधावर, ओलिताखाली ठोंबं जरूर लावा. पण माळ उभा करायचा असेल तर वीस-पंचवीस किलोमीटरच्या आतल्या, तसल्याच मुरमावर वाढलेल्या गवताचं बी घ्या. ते किती थांबायचं, कधी उठायचं हे तिथल्याच पावसाशी जुळवून आलेलं असतं. अभयारण्यातून बी तोडायचं नाही. आम्ही खासगी पड, जुने बांध, देवाच्या माळाच्या कडा अशा ठिकाणांहून मालकाला विचारून घेतो आणि एका पट्ट्यातलं निम्म्याहून जास्त बी कधीच काढत नाही.

पुरंदर, दौंड, बारामतीकडच्या वाचकांना माझं एक मागणं आहे. तुमच्या बांधावर पवना, शेडा किंवा मारवेल अजून उभं असेल तर यंदा सगळं एकदम कापू नका. चार हातांचा एक पट्टा दसऱ्यानंतरही ठेवा, तुरे तपकिरी होऊन हाताला सुटायला लागले की ओरबाडून घ्या, सावलीत वाळवा आणि पिशवीवर गवताचं नाव, गाव आणि महिना लिहून उन्हाळाभर पत्र्याखाली टांगा. मे संपता संपता त्यातलं मूठभर घेऊन नखानं उकलून पाहा. भरलेलं निघालं तर कळवा, मृगाआधी मी येऊन घेऊन जाईन.